सर जेम्स थॉर्नहिलची छतं : ग्रिनिच ते वेमथ

इंग्लंडमधल्या संग्रहालयांत जेम्स थॉर्नहिल या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराची रेखाटनं भरपूर आहेत, पण त्याचं खरं काम भिंतींवर आणि छतांवर आहे. ते उचलून कुठे नेता येत नाही, म्हणून आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागतं. आठवडाभरात त्याची महत्त्वाची कामं नीट पाहून होतात. सोबत आठ पटींची छोटी दुर्बीण घ्यावी, आठपेक्षा जास्त पटींची नको, कारण मान वर करून धरताना हात हलतो आणि चित्र स्थिर राहत नाही. मान वर न करता छत पाहता यावं म्हणून हातात मावेल असा आरसाही ठेवावा. दोन्ही वस्तू रोज लागतात.

थॉर्नहिलचा जन्म डॉर्सेटमधला, १६७५ किंवा ७६ सालचा. १६८९ मध्ये तो लंडनला थॉमस हायमोर या दूरच्या नातलगाकडे शिकाऊ म्हणून लागला. हायमोर हा पेंटर-स्टेनर्स कंपनीचा, म्हणजे दारं, गाड्या, मानचिन्हं आणि भिंती रंगवणाऱ्यांच्या संघाचा माणूस, आणि पुढे सार्जंट पेंटर, म्हणजे राजदरबाराचा मुख्य रंगारी, झाला. हे आधीच लक्षात ठेवायला हवं. इंग्लंडमध्ये भित्तिचित्रकाराचं मूळ रंगाऱ्याच्या धंद्यात होतं आणि त्याचा दरही रंगाऱ्यासारखाच चौरस यार्डावर ठरायचा. थॉर्नहिलची कारकीर्द समजून घ्यायची तर प्रत्येक छताखाली दोन प्रश्न विचारावेत: कुठून पाहायचं म्हणून हे काढलं आहे, आणि यार्डाला किती मिळाले?

पहिला दिवस : ग्रिनिच

बँक स्थानकातून डीएलआर ही लंडनची हलकी रेल्वे पकडून कटी सार्कला उतरलं की पाच मिनिटांत ओल्ड रॉयल नेव्हल कॉलेज येतं. पेंटेड हॉल किंग विल्यम कोर्टात आहे. तिकीट लागतं. दार उघडल्या उघडल्या आत शिरावं, दुपारी गर्दी वाढते.

इमारत ख्रिस्तोफर रेनची, जखमी आणि वृद्ध खलाशांच्या रुग्णालयाची, आणि हा दिवाणखाना त्यांचं जेवणघर म्हणून बांधलेला. थॉर्नहिलने इथे १७०७ मध्ये सुरुवात केली आणि १७२६ मध्ये हात धुतले. एकोणीस वर्षांत रंगवलेला पृष्ठभाग सुमारे ४०,००० चौरस फूट. काम पुरं होईपर्यंत हॉल इतका भव्य झाला की खलाशी खालच्या तळघरात जेवू लागले आणि वरचा हॉल पैसे घेऊन दाखवला जाऊ लागला. दाखवणारे वाटाडे रुग्णालयातले खलाशीच असत. थॉर्नहिलने स्वतः इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चित्रांचा खुलासा लिहून छापला, तो इथेच विकला जाई.

आत शिरताना तीन भाग लागतात: घुमटाखालची देवडी, मग खालचा मोठा हॉल, आणि पायऱ्या चढून वरचा हॉल. घाईघाईने मधोमध जाऊ नये. देवडीतून खालच्या हॉलच्या उंबऱ्यावर थांबून आधी बाजूच्या भिंती पाहाव्यात. खोलगट पन्हळी दिसणारे अर्धस्तंभ सपाट गिलाव्यावर रंगवलेले आहेत. हातभर अंतरावर गेलं की सावलीच्या कडा ब्रशचे फटकारे होऊन सुटतात, दहा पावलं मागे आलं की पुन्हा दगड होतात.

आता मधल्या गादीच्या बाकांपैकी एकावर सरळ आडवं व्हावं. ते त्यासाठीच ठेवले आहेत, आणि बसून मान मोडण्यापेक्षा झोपून वीस मिनिटं पाहिलेलं कितीतरी अधिक दिसतं. मधल्या लंबवर्तुळात तिसरा विल्यम आणि मेरी सिंहासनावर आहेत. विल्यम युरोपला स्वातंत्र्याची लाल टोपी देतो आहे आणि त्याच्या पायाखाली मोडकी तलवार धरून बसला आहे तो फ्रान्सचा चौदावा लुई. भोवती ऋतू, राशी, नद्या. टाइन नदीच्या वाट्याला कोळसा आला आहे, कारण लंडनच्या चुली तिथल्या कोळशावर पेटत. हिवाळ्यासाठी थॉर्नहिलने जॉन वर्ली या नव्वदी ओलांडलेल्या खलाशाचा चेहरा घेतला. याच रुग्णालयाच्या दप्तरात त्याच्या गैरवर्तनाच्या तक्रारी आहेत, आणि वर छतावर तो पांढऱ्या दाढीचा देव होऊन बसला आहे.

टोकाकडच्या कोपऱ्यांत दुर्बीण लावावी. टायको ब्राहे आहे, कोपर्निकस आहे, आणि पहिला राजज्योतिषी जॉन फ्लॅमस्टीड आपल्या साहाय्यकासह आहे. त्याच्या हातातल्या कागदावर २२ एप्रिल १७१५ ही तारीख आहे, त्याने गणित मांडलेल्या सूर्यग्रहणाची. फ्लॅमस्टीडची वेधशाळा इथून वर दिसणाऱ्या टेकडीवरच आहे. छतावरच्या शेकडो देवदेवतांमध्ये ही शेजारची, ओळखीची माणसं घातल्यामुळे हे चित्र इटालियन छतांपेक्षा वेगळं होतं. थॉर्नहिलची खरी ताकद मला इथे दिसते.

वरच्या हॉलच्या छतावर राणी अ‍ॅन आणि तिचा नवरा जॉर्ज, पश्चिमेच्या भिंतीवर पहिला जॉर्ज सगळ्या कुटुंबासह, मागे सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट. उजवीकडे खाली पायरीपाशी उभा राहून हात पुढे करणारा माणूस म्हणजे थॉर्नहिल स्वतः. बाजूच्या भिंतींवर राज्य घ्यायला समुद्रमार्गे आलेल्या विल्यमचं टॉरबेला आणि जॉर्जचं ग्रिनिचला उतरणं आहे. जॉर्ज १७१४ च्या सप्टेंबरमध्ये इथे उतरला तेव्हा रात्र होती. थॉर्नहिलने आपल्या रेखाटनावर अडचणी लिहून ठेवल्या आहेत: रात्रीचं दृश्य चित्रात कसं दाखवायचं, तेव्हा हजर असलेले काही सरदार आता राजाच्या मर्जीतून उतरलेत, त्यांना काढायचं की नाही, राजाचे कपडे तर चित्राला शोभणारे नव्हते. शेवटी त्याने घडलं तसं नाही, घडायला हवं होतं तसं काढलं. भित्तिचित्रकाराला राजकारण किती बारकाईने सांभाळावं लागे याचा इतका स्पष्ट कागद क्वचितच मिळतो.

तंत्राबद्दल इथेच बोलायला हवं. हे ओल्या चुन्यावरचं फ्रेस्को नाही. इंग्लंडच्या दमट हवेत ते टिकत नाही, म्हणून वाळलेल्या गिलाव्यावर तेलरंग. अजिंठ्यालाही चित्रं वाळलेल्या लेपावरच आहेत, पण तिथे रंग सरस-डिंकाने बांधलेले आणि इथे तेलाने. कोरडा गिलावा तेल शोषतो, म्हणून आधी तेलाचे हात देऊन तो बंद करायचा, मग अस्तर द्यायचं, मग छोट्या तैलचित्रावर चौकटी आखून तेच चौकोन मोठे करून छतावर उतरवायचे. परांचीवर उभ्या माणसाला आपण काढतोय ती आकृती पुरती दिसत नाही, चौकटींवर विश्वास ठेवावा लागतो. खालून पाहताना प्रमाणात दिसावं म्हणून मांड्या आखूड, छाती रुंद, हनुवटी पुढे काढायची. जवळून हे विद्रूप दिसतं आणि तसंच दिसायला हवं.

बिघडतं काय? पहिली अडचण काजळी: मेणबत्त्या, कोळसा, माणसांचा श्वास. दुसरी व्हर्निश. प्रत्येक पिढीने चित्र उजळावं म्हणून आधीच्या व्हर्निशवर नवा हात दिला, तो पिवळा पडला, मग आणखी एक. १९५०च्या दशकाच्या अखेरीला हे थर मोठ्या मेहनतीने काढले गेले. तिसरी अडचण जास्त चिवट आहे. मोठ्या खिडक्यांतून येणारं ऊन आणि बदलती आर्द्रता यांनी व्हर्निशमध्ये केसाहून बारीक भेगांचं जाळं पडतं, प्रकाश त्यात विखुरतो आणि रंगावर दुधाळ पडदा आल्यासारखं दिसतं. २०१६ ते २०१९ च्या संवर्धनात, सुमारे ८५ लाख पौंड खर्चून, मुख्यतः हा पडदा उतरवला गेला आणि उन्हाला आवर घातला. त्या काळात सामान्य लोकांनाही परांचीवरून साठ फूट वर, छतापाशी नेलं जात होतं.

आणि दर? १७०७ मध्ये काम सुरू झालं तेव्हा रक्कम ठरलीच नव्हती, संचालक नंतर ठरवतील ते घ्यायचं होतं. खालचा हॉल पुरा झाल्यावर थॉर्नहिलने अर्ज केला आणि इतरांना काय मिळालं त्याची यादी जोडली, त्यात रुबेन्सचं लंडनच्या बँक्वेटिंग हाउसचं छतही होतं. ठरलं ते असं: छताला चौरस यार्डामागे तीन पौंड, भिंतीला एक पौंड. एकूण ६,६८५ पौंड. ४०,००० चौरस फूट म्हणजे साधारण ४,४०० चौरस यार्ड, म्हणून सरासरी यार्डाला दीड पौंड पडला. त्यातूनच रंग आणि साहाय्यकांची मजुरी. वरच्या हॉलमध्ये दीत्रिख आन्द्रे या चित्रकाराचा मोठा हात आहे, आणि तो थोडा जाणवतो: खालच्या छताचा जोम वर नाही.

ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईनंतर, जानेवारी १८०६ मध्ये, तिथे मारल्या गेलेल्या अ‍ॅडमिरल नेल्सनचं शव तीन दिवस दर्शनासाठी ठेवलं होतं ते याच हॉलमध्ये. ग्रिनिचला पूर्ण दिवस द्यावा.

दुसरा दिवस : सेंट पॉल आणि आसपास

सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये रविवारी पर्यटकांना सोडत नाहीत, म्हणून वार पाहून जावं. घुमटाच्या आत सेंट पॉल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या आयुष्यातले आठ प्रसंग आहेत: दमास्कसच्या वाटेवरचं परिवर्तन, आंधळा झालेला एलिमास, लिस्त्रा, फिलिप्पीचा तुरुंग, अथेन्सचं प्रवचन, एफेससला जाळलेल्या जादूच्या पोथ्या, अग्रिप्पापुढची साक्ष आणि माल्टाजवळचं गलबत फुटणं. सगळे करड्या एकरंगात, दगडी शिल्पासारखे, मधे सोन्याची झळक.

रेनला इथे मोझेइक हवं होतं. समितीने चित्रं ठरवली आणि १७०९ मध्ये स्पर्धा सुरू झाली. इटलीचे पेलेग्रिनी आणि रिच्ची दोघेही तेव्हा कधी ना कधी लंडनमध्ये काम करत होते, फ्रेंच वळणाचा लागेर होता. आर्चबिशप टेनिसनचं म्हणणं म्हणून एक गोष्ट सांगतात: चित्रकलेतलं मला कळत नाही, पण चित्रकार प्रॉटेस्टंट हवा आणि इंग्रज हवा. १७१५ मध्ये काम थॉर्नहिलला मिळालं. एकरंगी चित्र निवडण्यामागेही तोच संयम होता, रंगीत स्वर्ग आणि उडणारे संत म्हणजे रोमचं काहीतरी वाटलं असतं.

जमिनीवरून हे नीट दिसत नाही. दुर्बीण असली तरी प्रसंग ओळखता येतात एवढंच. व्हिस्परिंग गॅलरीपर्यंत २५७ पायऱ्या आहेत आणि चित्रं पाहायची खरी जागा तीच, पण ती गॅलरी अनेकदा बंद असते, आधी चौकशी करून मगच तिच्या भरवशावर दिवस आखावा. वरच्या दगडी आणि सोनेरी गॅलऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत, तिथून चित्रं दिसत नाहीत.

शिवाय जे दिसतं ते सगळं थॉर्नहिलचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चित्रं काजळून गेली होती आणि १८५३ ते ५६ मध्ये ई. टी. पॅरिसने ती पुन्हा रंगवून काढली. धुरकट शहर, हवा कोंडणारा घुमट आणि पोहोचायला अवघड पृष्ठभाग या तिन्हींमुळे थॉर्नहिलचं सर्वांत प्रसिद्ध काम त्याचं सर्वांत कमी उरलेलं काम झालं आहे. घुमटाखाली, कमानींच्या कोपऱ्यांतली रंगीत मोझेइक मागाहूनची आहेत, त्यांच्याशी गल्लत करू नये.

इंग्रज चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्या होरेस वॉलपोलने लिहून ठेवलं आहे की इथे यार्डाला चाळीस शिलिंग मिळाले, म्हणजे दोन पौंड, तर फ्रेंच ला फॉसला मॉन्टेग्यू हाउससाठी २,००० पौंड आणि वर जेवणखाणाचे ५०० मिळाले होते. मागे सरत काम पाहणाऱ्या थॉर्नहिलला परांचीच्या काठावरून वाचवायला साहाय्यकाने चित्रावरच रंग फासला, ही कथाही इथलीच. ती खरी असल्याचा पुरावा नाही.

तिथून दहा मिनिटं चालत सेंट बार्थोलोम्यू रुग्णालय. जिन्यावर विल्यम होगार्थची दोन भव्य चित्रं आहेत, १७३०च्या दशकातली, भिंतीवर नाही तर कॅनव्हासवर. होगार्थने ती फुकट काढली, कारण रुग्णालय व्हेनिसच्या अमिगोनीला काम देणार होतं. होगार्थ थॉर्नहिलचा जावई. १७२४ मध्ये थॉर्नहिलने कॉव्हेंट गार्डनच्या आपल्या घरी विनामूल्य चित्रशाळा उघडली, होगार्थ तिथे येई, आणि १७२९ च्या मार्चमध्ये थॉर्नहिलच्या जेन या मुलीशी त्याने घरच्यांना न सांगता पॅडिंग्टनच्या चर्चमध्ये लग्न केलं. चांदीवर कोरीव काम शिकत असताना सेंट पॉल आणि ग्रिनिचची चित्रं आपल्या डोक्यात घोळत असत, असं होगार्थनेच लिहिलं आहे. जिन्याच्या वेळा ठरावीक असतात, तेवढं बघून जावं.

तिसरा दिवस : हॅम्प्टन कोर्ट, केन्सिंग्टन

वॉटर्लूहून गाडी थेट हॅम्प्टन कोर्टला जाते, पाऊणएक तासाच्या आत. आधी किंग्ज स्टेअरकेसवर जावं. ते काम अन्तोनियो व्हेरियोचं, थॉर्नहिलच्या आधीच्या पिढीतल्या इटालियनाचं. याच व्हेरियोने विंडसरला दुसऱ्या चार्ल्सची राणी कॅथरीन हिच्या दालनांची छतं रंगवली, म्हणजे जिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांकडे आली तिची. व्हेरियोचे देव ढगांवर रेलून सुस्त बसलेले असतात. लगेच मग राणीच्या शयनगृहात जाऊन थॉर्नहिलचं छत पाहावं, १७१४-१५ चं. सूर्यदेव अपोलो रथात चढायला निघाला आहे आणि त्याला थांबवलं जातं आहे, खालच्या वळणावर पहिला जॉर्ज, युवराज, युवराज्ञी आणि त्यांचा मुलगा फ्रेडरिक यांचे चेहरे. शयनगृहाच्या छतावर पहाट थोपवून धरायची, ही कल्पना जागेला नेमकी बसते.

हेही काम सहज मिळालं नाही. राजवाड्यांचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड चेंबरलेनला ते सेबास्तियानो रिच्चीला द्यायचं होतं. खजिना सांभाळणाऱ्या लॉर्ड हॅलिफॅक्सने बजावलं की रिच्चीला दिलंत तर पैसे मिळणार नाहीत. राफाएलची मोठी कार्टून-चित्रं, म्हणजे विणलेल्या पडद्यांसाठी काढलेले पूर्ण आकाराचे नमुने, तेव्हा याच राजवाड्यात होती. आज ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. भित्तिचित्रांची कामं बंद पडल्यावर, १७२९ ते ३१ मध्ये, थॉर्नहिलने इथे येऊन त्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रती केल्या. त्या रॉयल अकादमीच्या संग्रहात आहेत.

ती कामं का बंद पडली, हे दुपारी केन्सिंग्टन पॅलेसच्या क्युपोला रूममध्ये कळतं. इथे थॉर्नहिलचं काहीच नाही, आणि म्हणूनच यायचं. १७२० मध्ये तो सार्जंट पेंटर झाला आणि त्याला सर ही पदवी मिळाली, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या चित्रकाराला प्रथमच. राजवाड्याचं काम त्याच्याकडेच येणार, असं सगळे धरून चालले होते. १७२२ मध्ये त्याने क्युपोला रूमसाठी ८०० पौंड सांगितले. लॉर्ड बर्लिंग्टनच्या आश्रयाला असलेल्या विल्यम केंटने सांगितले ३५० पौंड, अल्ट्रामरीन वापरून, आणि साधा प्रशियन ब्लू चालत असेल तर ३००.

निळ्याच्या या फरकाकडे दुर्लक्ष करू नये. अल्ट्रामरीन म्हणजे लाजवर्द दगड दळून, मेण-राळेच्या गोळ्यातून मळून काढलेली निळाई, दगड अफगाणिस्तानातून यायचा. प्रशियन ब्लू हा त्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला कृत्रिम रंग, खूप स्वस्त, पण पांढऱ्यात मिसळल्यावर उन्हात फिकट पडायचा. छताचं मोठं क्षेत्रफळ निळ्या आकाशाचं असेल तर हिशेब इथेच बदलतो. काम चालू असताना चित्रकारांची समिती पाहणीला गेली. यथादर्शन (खोली आणि अंतराचा भास) चुकलं आहे आणि निळा बहुतांशी प्रशियन ब्लूच दिसतो, असा अहवाल आला. तरी पुढची दालनंही केंटलाच मिळाली. छताकडे नीट पाहावं: केंटने आकाश काढलंच नाही, चौकोनी खणांच्या घुमटाचा भास काढला. फॅशन बदलली होती. उघडं आकाश आणि देवांच्या झुंडी हे थॉर्नहिलचं भांडवल होतं, आणि पुढच्या पिढीला रोमन वास्तुशिल्प हवं होतं.

चौथा दिवस : ब्लेनम

ऑक्सफर्डला गाडी, तिथून वुडस्टॉकची बस. ऑक्सफर्डमध्ये वेळ असल्यास क्वीन्स कॉलेजच्या चॅपलच्या अर्धवर्तुळाकार टोकावरचं थॉर्नहिलचं स्वर्गारोहण पाहून घ्यावं.

ब्लेनम राजवाड्याचा दर्शनी हॉल ६७ फूट उंच आहे. छतावर घराचा मालक आणि ब्लेनमची लढाई जिंकणारा सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो गुडघे टेकून ब्रिटानियापुढे, म्हणजे ब्रिटनच्या मूर्तिमंत देवीपुढे, त्या लढाईचा आराखडा धरतो आहे, काम १७१६ चं. उंचीमुळे चित्र लहान वाटतं, इथे खिशातला आरसा कामी येतो. प्रवाह तुम्हाला पुढे ढकलत असतो, म्हणून भिंतीला लागून उभं राहावं. थॉर्नहिलने यार्डाला २५ शिलिंग लावले, बिल ९७८ पौंडांचं झालं. ड्यूकची बायको डचेस सारा हिला प्रत्येक कारागिराचं बिल जास्तच वाटे, यार्डाला अडीच शिलिंगांचंही काम नाही असं तिचं म्हणणं पडलं. पुढच्या दालनाचं, सलूनचं, काम तिने लागेरला ५०० पौंडांत दिलं. दोन्ही दालनं एकापाठोपाठ लागतात, तेव्हा स्वतः तुलना करता येते. लागेरची भिंतींवरची माणसं, खांबांमागून डोकावणारे वेगवेगळ्या देशांचे लोक, जिवंत आहेत. तिने पैसे वाचवले आणि काम वाईट मिळालं असं मुळीच नाही.

पाचवा दिवस : हॅनबरी हॉल

बर्मिंगहॅमहून लोकल गाडीने ड्रॉइटविच स्पा, तिथून चारएक मैल टॅक्सी. परतीची टॅक्सी जातानाच ठरवावी. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेचं आहे आणि घराच्या वेळा बागेपेक्षा कमी असतात.

एकच काम पाहायला वेळ असेल तर लोकांना ग्रिनिचला पाठवावं. पण थॉर्नहिलचा हात जवळून पाहायचा असेल तर हॅनबरीच्या जिन्यावर यावं. घर थॉमस व्हर्नन या यशस्वी वकिलाचं, १७०१ च्या सुमाराचं, जिना १७१० चा. भिंतींवर ट्रॉयच्या युद्धातल्या अकिलीस या ग्रीक वीराची कथा आहे: मुलींमध्ये लपवलेला अकिलीस दागिने सोडून शस्त्राला हात घालतो आणि युलिसिसला ओळखू येतो, त्याची आई थेटिस त्याच्यासाठी अग्निदेव व्हल्कनच्या भट्टीत चिलखत घडवून घेते, त्याच्या मृत्यूनंतर एजॅक्स आणि युलिसिस शस्त्रांवरून भांडतात.

जिना रंगवणं छतापेक्षा अवघड, कारण पाहणारा चालत असतो. छताला एक मध्यबिंदू निवडता येतो. जिन्यावर डोळ्याची पातळी प्रत्येक पायरीला बदलते. थॉर्नहिलने उपाय केला तो असा की भिंतीवर रंगवलेल्या खांबांनी चौकटी पाडून प्रत्येक प्रसंग स्वतंत्र ठेवला, आणि सगळं एकाच ठिकाणाहून जुळण्याची सक्ती ठेवली नाही. खालच्या पायरीवर, मधल्या चौकात आणि वर, असं तीन ठिकाणी थांबून पाहिलं की हे कळतं. इथे रंग हाताच्या अंतरावर आहे. जाड फटकाऱ्याने टाकलेला उजेड, अस्तराचा तपकिरी रंग सावलीत तसाच सोडून दिलेला, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. ग्रिनिचच्या छतावरही हीच पद्धत असणार, ती खालून दिसत नाही इतकंच.

वर देवांच्या सभेत बुध एका छापील चित्राकडे बोट दाखवतो. तो डॉक्टर हेन्री सॅशेव्हरेल, सरकारविरोधी प्रवचनाबद्दल १७१० मध्ये ज्याच्यावर संसदेत खटला चालला तो धर्मोपदेशक, आणि सूडदेवता त्याच्या चित्राला मशालीने आग लावायला निघाल्या आहेत. व्हर्नन खटला चालवणाऱ्या व्हिग पक्षाचा होता. त्या वर्षीची बातमी त्याच वर्षी छतावर चढली. बहुतेक लोक अकिलीस पाहून पुढे जातात, त्यांना हे दिसतच नाही.

सहावा दिवस : विम्पोल

किंग्ज क्रॉसहून रॉयस्टन आणि पुढे टॅक्सी. विम्पोल हॉलही नॅशनल ट्रस्टचा. चॅपल एडवर्ड हार्ली, ऑक्सफर्डचा दुसरा अर्ल, याच्यासाठी रंगवलेलं. सही १७२४ ची, मोबदला १,३५० पौंड. पूर्वेच्या भिंतीवर तीन ज्ञानी पुरुषांचं बालयेशूला वंदन. उत्तरेच्या भिंतीवर कोनाडे आणि त्यांत चार धर्माचार्यांचे पुतळे, सगळे रंगवलेले. हे पुतळे खरे वाटतात कारण समोरच्या खऱ्या खिडक्यांतून उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेच्या सावल्या त्यांना दिल्या आहेत. वरच्या सज्जातून, शक्यतो लख्ख दिवसाच्या दुपारी, पाहावं. अंधारून आलं की भास अर्धा उतरतो.

रिकमन्सवर्थजवळचं मूर पार्क आम्ही या प्रवासात घेतलं नाही, पण गोष्ट सांगायला हवी. बेंजामिन स्टाइल्सने हॉल रंगवून घेतला, काम पसंत नाही म्हणून पैसे अडवले, थॉर्नहिल कोर्टात गेला आणि जिंकला. मग स्टाइल्सने त्याची चित्रं काढून टाकून तिथे अमिगोनीची लावली. बार्थोलोम्यूच्या जिन्यावर जावई इतक्या हिरिरीने का उतरला, ते यावरून लक्षात येतं.

सातवा दिवस : डॉर्सेट

वॉटर्लूहून शेरबर्न साधारण सव्वादोन तास. शेरबर्न हाउसच्या जिन्यावर ग्रीक पुराणातली कॅलिडनच्या रानडुकराची शिकार आहे, १७२० च्या सुमाराची. घराचं मोठं नूतनीकरण होऊन ते अलीकडे लोकांना खुलं झालं आहे. हॅनबरीनंतर हे थोडं ढिलं वाटतं. पुढे गाडी भाड्याने घेतली तर स्टॉलब्रिज सातआठ मैलांवर. तिथल्या परिसरातली थॉर्नहिल घराण्याची गमावलेली जमीन त्याने कमाईतून परत विकत घेतली, दुसऱ्या जॉर्जच्या सन्मानार्थ तिथे स्तंभ उभारला, आणि ४ मे १७३४ रोजी तिथेच वारला. घर खासगी आहे, आत जाता येत नाही. त्याला स्टॉलब्रिजच्या चर्चमध्ये पुरलं.

शेवटचा मुक्काम वेमथ. बंदराच्या उत्तरेचा भाग म्हणजे जुनं मेलकम रेजिस. सेंट मेरी चर्चची आजची इमारत १८१५ ते १७ ची, पण वेदीमागचं शेवटच्या भोजनाचं चित्र आधीच्या चर्चमधून आणलेलं, थॉर्नहिलचं, १७२१ चं. चर्च दिवसा उघडं असतं तेव्हा आत जाऊन पुढच्या बाकापर्यंत जाता येतं, आणि आठवड्यात पहिल्यांदाच मान वर न करता त्याचं चित्र समोर दिसतं. आकृत्या इथेही मोठ्या आणि हावभाव ठळक, कारण हात छताच्या अंतराला सरावलेला होता. इथे यार्डाचा हिशेब नव्हता. चित्र त्याने गावाला भेट दिलं, आणि पुढच्याच वर्षी, १७२२ मध्ये, मेलकम रेजिसने त्याला पार्लमेंटवर निवडून दिलं. मरेपर्यंत ती जागा त्याच्याकडेच राहिली.